गुरुवारची लाइट आणि टाकीतले मासे

चाकण-भोसरी पट्ट्यात गुरुवारला दुहेरी महत्त्व आहे. बऱ्याच लहान-मध्यम कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुतेकदा त्याच दिवशी निघते. सकाळी गेलेली लाइट दुपार उलटल्याशिवाय येणार नाही, हे गृहीत धरून लोक आदल्या रात्रीच मोबाइल चार्ज करतात आणि पाण्याची टाकी भरून ठेवतात. ज्यांच्या घरात माशांची काचेची टाकी आहे, त्यांनी काय करावे याबद्दल मात्र एकमत नाही. मतभेद बाळगणारी माणसे समंजस आहेत, म्हणूनच हा प्रश्न नीट तपासण्याजोगा आहे.

जुन्या हौशी मंडळींचे म्हणणे असे की, बॅकअपची गरज भासते तिथे मुळात टाकीच चुकीची भरलेली असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी असते. त्यात दोन फायटर-गुरामी जातीचे मासे आणि मूठभर गप्पी ठेवले, तर चार-पाच तास पंप बंद राहिल्याने काही बिघडत नाही. फायटर आणि गुरामी पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. बाकीच्यांना पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळणारा ऑक्सिजन पुरतो. त्याच टाकीत कोणी हौसेने सहा गोल्डफिश सोडले, तर त्यांचा श्वास कायम वायरीला टांगलेला राहणार. हे म्हणणे मला पटते. दुकानातून पिशवी घेऊन निघताना ते कोणीतरी सांगायला हवे, एवढीच त्यात भर घालावीशी वाटते.

मात्र हा हिशेब मे महिन्यात आखडतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना साडेसात. हे समुद्रसपाटीचे आकडे. चाकणच्या उंचीवर ते आणखी थोडे उतरतात. फरक किरकोळ वाटेल, पण पाणी तापते तशी माशाची ऑक्सिजनची गरजही वाढते. म्हणजे जमा घटते आणि खर्च वाढतो. त्यातच टाकीत वनस्पती असतील, तर दिवसा ऑक्सिजन देणाऱ्या त्याच वनस्पती अंधारात तो वापरू लागतात. कमी मासे ठेवणाऱ्यालाही उन्हाळ्यातली रात्र सोपी जात नाही.

आणि वीज काही फक्त गुरुवारी, सांगूनच जाते असे नाही. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुके आणि दवामुळे महापारेषणच्या ४०० केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण एका झटक्यात अंधारात गेले. ऋतू थंडीचा, वेळ पहाटेची आणि पूर्वसूचना कसलीच नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, ही त्यातली जमेची बाजू. पण हीटरवर जगणाऱ्या माशांसाठी ती बाजूही उलटी पडते.

यावर इन्व्हर्टरवाल्यांचे उत्तर सरळ आहे: एकदाच काय तो खर्च करा आणि निवांत झोपा. त्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा असा की, इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो. चाकणमध्ये नवरा रात्रपाळीला, बायको सकाळच्या शिफ्टला अशी कितीतरी घरे आहेत. लाइट गेली तेव्हा घरात कोणीच नसणे, हीच इथली खरी अडचण. लाइट किती तास गेली यापेक्षा, गेली तेव्हा घरी कोण होते यावर माशांचे पुष्कळ अवलंबून असते. तांत्रिक बाबतीत एक पथ्य तेवढे पाळावे लागते: इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर फिल्टरची मोटर घरघरते आणि तापते.

दुसरीकडे, हा उपाय ज्याच्या त्याच्या आवाक्यातला नाही. बॅटरीसह चांगला इन्व्हर्टर पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. मेदनकरवाडी किंवा खराबवाडीत अकरा महिन्यांच्या करारावर एका खोलीत राहणाऱ्याने ती जड बॅटरी ठेवायची कुठे? चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. तिला वारा लागणारी जागा हवी. शिवाय घरात प्राधान्याचा वाद होतो. माणसांना पंखा नाही आणि माशांना वीज, हे वाक्य मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे, आणि बोलणाऱ्या सासूबाईंची बाजू मला अगदीच चुकीची वाटलेली नाही.

तरी हा वाद आकड्यांनी थोडा निवळतो. साध्या छताच्या पंख्याला पाऊणशे वॉट लागतात, घरगुती एअर पंपाला तीन-चार. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते. प्रत्यक्षात त्यातले निम्मे-पाऊण हाती लागते असे धरले, तरी एअर पंपामुळे कोणाचा पंखा बंद पडणार नाही. हीटरची गोष्ट मात्र वेगळी. शंभर लिटर पाणी एका अंशाने तापवायला सव्वाशेच्या आसपास वॉट-अवर जातात. हीटर बॅटरीवर चालवणे म्हणजे सासूबाईंचा पंखा खरोखरच माशांना देणे. त्यापेक्षा टाकीला गोधडी गुंडाळावी. एवढे पाणी सावकाश थंड होते आणि काही तासांची सावकाश उतरण बहुतेक मासे सोसतात.

मोठ्या सोसायट्यांत तिसरी मागणी पुढे येते: जनरेटर आहेच, मग त्याची एक लाइन प्रत्येक फ्लॅटला का नको? मागणी गैर नाही. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यापुरताच तो बहुधा चालतो. पण सामायिक वीज सामायिक खर्चातून येते. २००६ मध्ये भारनियमनाच्या काळात ‘पुणे मॉडेल’ राबवले गेले, तेव्हा कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रीडवरचा भार हलका केला आणि शहराची भारनियमनातून सुटका झाली. त्या महाग विजेचा फरक ग्राहकांच्या बिलात आला. शहराने तो मान्य केला, कारण लाभ सगळ्यांचा होता. सोसायटीत टाकी असलेली घरे मोजकी आणि डिझेलचा धूर मात्र सगळ्यांचा. १ जुलै २०२३ पासून नव्या जनसेटना कडक निकष लागू झाले, तरी जुने संच एका रात्रीत बदलत नाहीत. सभासदांनी नकार दिला, तर त्याला दुष्टपणा म्हणता येणार नाही.

माझा कल ठरला तो शेजारच्या इमारतीतल्या एका घरात. गेल्या मेमध्ये रात्री दोनच्या सुमारास दार वाजले. ओळखीचा तरुण, घाबरलेला. त्याच्या तीन फुटी टाकीतले मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी चोखत होते. आम्ही आळीपाळीने स्टीलच्या तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहिलो. धार बारीक आणि उंच ठेवली की हवा जास्त मिसळते, हे तिथेच कळले. पाऊण तासात मासे खाली उतरले. लाइट पाचला आली. त्याने कॅनिस्टर फिल्टर लगेच सुरू केला आणि तिथे दुसरी चूक झाली. बंद डब्यात तासन्‌तास अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, अमोनिया पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि ते कुबट पाणी थेट टाकीत येते. आधी डबा रिकामा करून, टाकीतल्याच पाण्याने स्पंज खळबळून घ्यायला हवा होता. दोन मासे त्या सकाळी गेले.

म्हणून मला वाटते, पहिले पैसे हवेवर घालावेत; उजेड, हीटर आणि मोठा फिल्टर नंतर. स्वतःची बॅटरी असलेला, लाइट जाताच आपोआप चालू होणारा छोटा एअर पंप घ्यावा आणि त्याला टाकीतच बुडालेला स्पंज फिल्टर जोडावा. त्यामुळे मासा आणि जिवाणू दोघेही तगतात. पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नये, नाहीतर पंप थांबताच पाणी उलटे खाली ठेवलेल्या पंपात उतरते. लाइट नसताना खाणे टाकू नये. एखाद्या दिवसाच्या उपाशीपणाने धडधाकट मासा मरत नाही. हा सगळा खर्च इन्व्हर्टरच्या तुलनेत फारच थोडा आहे आणि घर बदलताना हे सगळे पिशवीत मावते.

यालाही अपवाद आहेत. डिस्कससारखे गरम, स्वच्छ पाणी मागणारे मासे पाळणाऱ्याला किंवा ज्याचे पोट पिल्लांच्या विक्रीवर आहे त्याला, माझा सल्ला अपुरा पडेल. त्याने इन्व्हर्टर घ्यावा. त्याच्यासाठी ती चैन नव्हे, धंद्याचे भांडवल आहे. उलट, ज्याच्या घरी कायम कोणीतरी असते आणि टाकीत चारच गप्पी आहेत, त्याला तांब्यासुद्धा पुरेल.

त्या तरुणाने पुढच्याच आठवड्यात यूएसबीवर चालणारा पंप आणला. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तो रात्रभर सहज चालतो, हे त्याने स्वतः लावून पाहिले. पंधरा दिवसांनी पुन्हा लाइट गेली, तेव्हा पंप टाकीवर जागच्या जागी होता. पॉवर बँक मात्र तो मोबाइलसाठी रात्रपाळीला घेऊन गेला होता.