पोरगी टिकेल का?

‘पोरगी चांगली खेळते हो, पण पुढे टिकेल का?’ कॉलेज संपवून व्यावसायिक खेळात उतरणाऱ्या मुलीला हा प्रश्न चुकत नाही. अमेरिकेत २०२४ साली तो केटलिन क्लार्कबद्दल विचारला गेला. ही आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, डाव मांडणारी. कॉलेजच्या चार वर्षांत तिने ३९५१ गुण केले. पुरुषांचा ३६६७ चा विक्रमही मागे पडला. (याच संदर्भात लिनेट वुडार्ड आठवावी. १९८१ पर्यंत तिने ३६४९ गुण केले होते. पण तेव्हा कॉलेज-खेळांची मुख्य संघटना मुलींच्या स्पर्धा भरवतच नव्हती, त्यामुळे ते तिच्या दप्तरी लागलेच नाहीत!)

तरीही स्थळ पाहावे तसे क्लार्कचे मोजमाप सुरू झाले. अंगाने किरकोळ आहे, धक्काबुक्की सोसेल का? बचाव जमेल का? शंका अगदीच पोकळ नव्हत्या. पहिल्या व्यावसायिक सामन्यात तिने दहा वेळा चेंडू गमावला. पण त्याच मोसमात सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे ३३७ पास दिले, लीगमध्ये तोवर एका मोसमात कुणीच दिले नव्हते एवढे. उत्तर मिळाले.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलीची परीक्षा घेणारे हे लोक लीगची परीक्षा कधी घेणार? क्लार्कची निवड सर्वांत पहिली झाली, आणि पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या निवडीच्या मुलाला त्या सुमारास वर्षाला १ कोटी २० लाखांहून जास्त डॉलर मिळत होते. क्लार्कला जाहिरातींनी तारले. बाकीच्यांचे काय? त्या मोसमात १२ संघ होते, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ जणी. म्हणजे साऱ्या देशातून १४४ जागा. डायना टॉरासी ही नावाजलेली गार्ड २०१५ चा मोसम खेळलीच नाही, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांती घेण्याचे पैसे मायदेशातल्या पगाराहून जास्त दिले.

‘बायकांचा खेळ बघतो कोण?’ हे ठरलेले उत्तर. २०२४ च्या कॉलेज अंतिम सामन्यांत मुलींचा सुमारे १ कोटी ८७ लाखांनी पाहिला, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी. आणि उत्पन्न कमी असेल तर वाटा तरी सारखा द्या! पुरुष खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग करारानेच मिळतो. बायकांना त्याच्या जवळपासही मिळत नव्हता. शेतावरच्या मजूरबाईला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

मला आणखी एका गोष्टीची चीड येते. एका गोऱ्या मुलीला तारणहार ठरवायचे आणि १९९७ पासून ही लीग अंगावर पेलणाऱ्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकांना तिच्या मत्सरी सवती म्हणून रंगवायचे. २०२५ मध्ये दुखापतींमुळे क्लार्क तेराच सामने खेळली. तिच्याविना इंडियानाचा संघ उपांत्य फेरीत पोचला, तोही याच बायकांच्या जोरावर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जुना करार मुदतीआधी संपवायचे ठरवले. जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिसला, क्लार्कच्याच गावच्या मैदानावर, निवडक खेळाडूंचा सामना होता. सरावाला दोन्ही संघ एकाच मजकुराचे काळे शर्ट घालून उतरले: आमचे देणे द्या.