माजघरातला कापूस

घरात ठेवलेला कापूस काही खायला मागत नाही, असे आपण म्हणतो. मीही म्हणत होतो.

२०२१-२२ च्या हंगामात ज्यांनी कळ काढली त्यांचे चांगभले झाले. भाव दहा हजारांच्या पुढे गेला. मी मात्र दिवाळीतच कापूस घालून मोकळा झालो होतो. ती चुटपुट मनात होती, म्हणून पुढच्या साली वीस क्विंटल माजघरात भरून ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये खेडा खरेदीचा व्यापारी दारात उभा राहून साडेआठ हजार देत होता. "दहा झाल्याशिवाय काटा लावायचा नाही," मी ठणकावले. परदेशात सुताची मागणी मंदावली होती, पण तशी विचारपूस करतो कोण? गाव थांबले होते, म्हणून मीही थांबलो.

पुढे पोरांच्या अंगाला खाज सुटली. अंथरुणे ओसरीवर आली. ठिणगीच्या भीतीने सौ.ने चूल परसात हलवली. भाव आठ हजारांवर आला तेव्हा वाटले, आता विकला तर क्विंटलमागे पाचशेचा फटका, थोडे थांबू. एप्रिलअखेर सात हजार सातशे झाला, तेव्हा तर विकणे म्हणजे चारचौघांत हार पत्करणे वाटू लागले. झालेले नुकसान मोजण्यापेक्षा ढिगाखाली झाकलेले बरे, असा हा रोग आहे.

एका रात्री सौ.ने विचारले, "समजा, हा कापूस आपला नाही. हातात दीड लाख रोख आहेत. उद्या बाजारात जाऊन याच भावाने कापूस विकत घ्याल आणि घरात भराल का?"

"छे! वेड लागलंय का?"

"मग रोज तेच तर करताय."

यावर मला उत्तर सुचेना. दुसऱ्याच दिवशी काटा लावला. विसाचे एकोणीस भरले. १,४६,३०० रुपये आले. डिसेंबरात १,७०,००० आले असते. शिवाय साठ हजारांचे खाजगी देणे होते, दोन रुपये शेकड्याने. चार महिन्यांचे व्याज ४,८००. म्हणजे २८,५०० रुपये गेले. आमचे शेजारी पेरणीच्या तोंडापर्यंत थांबले आणि सात हजारांच्या आसपास विकून आले.

थांबणे नेहमीच चूक, असे नाही. आदल्या साली ते फळलेच होते. पण त्या साली फळले म्हणून या साली फळेल, हा हिशेब नव्हे. आता निम्मा कापूस आधी घालून देणे भागवतो. उरलेला घरात येतो त्याच दिवशी सौ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक भाव आणि एक तारीख लिहिते. दोहोंपैकी जे आधी येईल, त्या दिवशी काटा. तारीख जवळ आली की माझा हात खोडायला शिवशिवतो. म्हणून पेन तिने फडताळात कुलूप लावून ठेवला आहे.