मुखत्याराला विचारतात, मालकाला कोण विचारतो?

आईवडील थकले, बहीण सासरी दूर गेली, मुलगा परदेशी स्थायिक झाला, म्हणजे इस्टेटीचा कारभार पाहण्यासाठी जवळच्याच कोणाच्या तरी नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले जाते. त्यात गैर काहीच नाही. अनर्थ ओढवतो तो जमिनीला भाव आल्यावर. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि काल कोरडवाहू म्हणून दुर्लक्षिलेल्या शेतीला मोल आले. अशा वेळी केवळ देखभालीसाठी घेतलेल्या सहीवर खरेदीखत करून देण्याचा मोह सर्वांनाच आवरतो असे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला; तो हक्क एका मुखत्यारपत्राने पुन्हा भावाच्या मुठीत जाऊ शकतो.

वस्तुतः कायदा याबाबतीत मोघम नाही. १८७२ च्या करार अधिनियमानुसार मुखत्यार हा मालकाचा प्रतिनिधी असतो. मालकाने मागताच त्याने हिशेब दिला पाहिजे आणि मालकाच्या मृत्यूबरोबर त्याचा अधिकार सामान्यतः संपतो. कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. केरळातील दोन बहिणींचा खटला तर याहून बोलका आहे. एकीने १९७१ साली दुसरीला मुखत्यारपत्र दिले, १९८५ साली ते रद्द केले. परंतु तत्पूर्वीच जमीन परस्पर विकली गेली होती. त्या पत्रात विक्रीचा अधिकार स्पष्टपणे दिलेला नाही, सबब तो गृहीत धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. न्याय मिळाला खरा. पण मुखत्यारपत्रावर सही झाल्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

मग कायदा इतका स्पष्ट असताना फसवणूक घडते कशी? याचे उत्तर दस्तनोंदणीच्या रीतीत आहे. त्रयस्थाला जमीन विकण्याचे अधिकार द्यायचे तर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क पडते. निकटच्या नातलगाला मात्र ते नाममात्र असते. म्हणजे नाते हीच सचोटीची हमी, असे शासनही मानते. पुढे मुखत्यार खरेदीखत घेऊन दुय्यम निबंधकांसमोर उभा राहतो, तेव्हा मालक हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र त्याच्याकडूनच घेतले जाते. ज्याच्या वर्तनाविषयी शंका असू शकते, त्याचीच साक्ष प्रमाण! खोटे निवेदन करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तथापि ती शिक्षा जमीन गेल्यानंतरची. मालकाला कोणी विचारीतच नाही.

म्हणूनच सुधारणा व्हावयास हवी ती येथे. मुखत्यारामार्फत विक्रीचा दस्त आला की मालकाला टपालाने आणि भ्रमणध्वनीवर सूचना जावी, हरकतीसाठी काही दिवसांची मुदत असावी आणि मगच दस्त नोंदला जावा. विक्रीचे अधिकार देखभालीच्या मुखत्यारपत्रात न मिसळता स्वतंत्र व मुदतबंद असावेत. रद्द झालेली पत्रे कोणत्याही निबंधक कार्यालयात तत्काळ दिसावीत. यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही.

तोवर सावधगिरी सही करणाऱ्यानेच बाळगली पाहिजे. मजकुरात 'विक्री', 'गहाण', 'बक्षीस' हे शब्द आहेत काय, ते वाचावे. पत्र रद्द करावयाचे झाल्यास मुखत्याराला लेखी कळवावे, कारण त्याला कळेपर्यंत त्याचा अधिकार चालू राहतो. निबंधक कार्यालयास कळवून वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही द्यावी. फसवणूक लक्षात आल्यास विलंब करू नये. दस्त रद्द करून मागण्याची मुदत ती कळल्यापासून तीन वर्षांचीच आहे.

आपल्याकडे भावाला सही मागताना संकोच वाटत नाही; बहिणीला कागद वाचायला मागताना मात्र वाटतो. कायद्यातील उणीव विधिमंडळ दूर करील तेव्हा करील. हा संकोच प्रत्येक घराला आजच दूर करता येईल.