आधी मांड्यांचे पट्टे

डिसेंबर 2022 मध्ये कुल्लूजवळच्या डोभीत साताऱ्याचा एक तरुण पॅराग्लायडरवरून कोसळून मरण पावला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच डोभीत तेलंगणाची तरुणी तशीच गेली. तिचा पट्टा पायलटने तपासलाच नव्हता, असे प्राथमिक तपासात पुढे आले. जानेवारी 2025 मध्ये गोव्यातील केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट, दोघेही दगावले. तरीही पॅराग्लायडिंगसाठी पुण्याजवळच्या कामशेतला निघालेल्या पर्यटकाचा पहिला प्रश्न असतो तो व्हिडिओ मिळेल का, हाच!

माणसाला ग्लायडरशी जोडणाऱ्या हार्नेसला छातीवर एक आणि मांड्यांना दोन पट्टे असतात. छातीचा लागला आणि मांड्यांचे राहिले, तर उभ्या माणसाला काहीच जाणवत नाही. पाय जमिनीवरून सुटले की तो खाली घसरतो आणि काखेत लटकतो. हात किती वेळ तग धरणार? मुरलेले पायलटही हे पट्टे विसरतात, म्हणून तर छातीचा आणि मांड्यांचा पट्टा एकमेकांत गुंतवलेले हार्नेस बाजारात आले. भाड्याने देऊन देऊन विटलेल्या जुन्या हार्नेसला ती सोय नसते.

हेल्मेटही डोक्यावर काहीतरी असावे म्हणून घालायचे नसते. हवाई खेळांच्या हेल्मेटसाठी ईएन 966 हे युरोपीय मानक आहे. बांधकामावरची पिवळी टोपी त्यात बसत नाही. पाठीचेही तेच. पॅराग्लायडिंगमध्ये मणका मोडणे ही नेहमीची दुखापत. हार्नेसखालची एअरबॅग बहुधा उडताना वाऱ्याने फुगते, म्हणजे टेकऑफला धडपडलात तर ती रिकामीच असू शकते. फोमचा जाड थर मात्र पहिल्या पावलापासून कामाचा.

‘रिझर्व्ह पॅराशूट आहे ना,’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांसाठी थोडे गणित. रिझर्व्हखाली माणूस सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर वेगाने उतरतो. म्हणजे दीड मीटरवरून उडी मारल्यासारखा आदळतो. सँडल घालून मारून पाहा! घोटा झाकणारे बूट हवेत, पण त्यांना लेस अडकवायचे हुक नकोत, त्यांत ग्लायडरच्या दोऱ्या गुंततात. ओढणी, स्टोल गाडीतच राहू द्या. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. खरचटणे तरी वाचेल.

महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात आहे. पण नोंदणीचा कागद पट्टा ओढून पाहत नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक टेकऑफवर फक्त पट्टे, बकल आणि हेल्मेट तपासणारा एक माणूस नेमा. त्याचा पगार आयोजकाच्या हातात नको, आणि त्याने थांबवलेल्या पर्यटकाला तिथल्या तिथे पूर्ण पैसे परत मिळाले पाहिजेत.