तारीख कोणी दिली?

पिंपळे गुरवात भल्या सकाळी चाकणच्या कंपन्यांच्या बसची वाट पाहणारे कामगार रस्त्याच्या कडेला उभे दिसतात. त्यांच्या पाळीत किती गाड्या तयार व्हायच्या, हे आधीच ठरलेले असते. अशा वस्तीत राहणाऱ्या आम्हांला, जाहीर तारखेला न येणारा व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ आळस वाटावा, यात नवल नाही. पण तो समज चुकीचा आहे.

उदाहरण पुण्याचेच घेऊ. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवली होती. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, आणि जानेवारी २०२१ ही तारीखही. झलक पाहून चाहत्यांनी चित्रणाची टर उडवली. तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारीत तीही मागे घेतली गेली. २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेले, तेव्हा 'आपल्या लोकांना जमले नाही' असा निवाडा अनेकांनी देऊन टाकला. मूळ खेळ माँट्रियलनेच घडवला होता. तरीही तेथेही ही आवृत्ती पूर्णत्वास गेली नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ती रद्दच केली. तेव्हा केवळ गावाकडे बोट दाखवून हे कोडे सुटत नाही.

चाकणला तयार होणारी गाडी ही सिद्ध झालेल्या आराखड्याची प्रत असते. तो आराखडा सिद्ध होण्यात गेलेली वर्षे पाळीच्या हिशेबात येत नाहीत. खेळाच्या प्रती काढायला श्रम नाहीत. सारे काम आराखड्याचेच. नायकाची उडी जराशी लांबवली की भिंतींमधली अंतरे बदलतात, त्यांच्यामागे कॅमेरा बदलतो, आणि एक चूक दुरुस्त करताना दुसरी जन्माला येते. खेळ रंगतो की नाही, हे तर तो हातात घेऊन खेळल्यावाचून कळत नाही. तारीख मात्र बहुधा विक्रीचा हंगाम आणि आर्थिक वर्ष पाहून ठरते. अननुभव, ढिसाळ नियोजन हीही कारणे असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांचा वाटा ठरवण्याआधी ही विसंगती पाहावी लागेल.

आमच्या शेजारपाजारची कित्येक मुले आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांचे काम लांबले की 'कोण कमी पडले?' असे आपण लगेच विचारतो. त्याआधी 'तारीख कोणी दिली, आणि कशाच्या भरवशावर?' एवढे विचारले, तरी निवाडा अधिक न्याय्य होईल.