घाबरलेली आई

२८ एप्रिल १९८६ ची सकाळ. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एक कर्मचारी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रापाशी आला आणि धोक्याची घंटा वाजली. त्याच्या बुटांना किरणोत्सारी धूळ लागली होती. आधी वाटलं, आपल्याच केंद्रात गळती झाली. तपासलं तर तिथे सगळं ठीक! धूळ आली होती हजारभर किलोमीटरवरच्या चेर्नोबिलहून. तिथली अणुभट्टी २६ तारखेलाच फुटली होती आणि मॉस्को गप्प होतं. संध्याकाळी टीव्हीवर चार वाक्यांचं निवेदन झालं, तेही बाहेरून विचारणा झाल्यावर.

मला मात्र पोलंडची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच दिवशी पोलंडमधल्या एका मोजणी केंद्रावर हवेतला किरणोत्सार एकदम वाढलेला दिसला. मॉस्कोकडून काही कळत नव्हतं. तरी तिथल्या सरकारने दुसऱ्याच दिवशी आयोडीन वाटायला घेतलं; सुमारे १ कोटी मुलांना ते मिळालं. साधं आयोडीन वेळेवर पोटात गेलं, की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन फारसं शोषून घेत नाही.

आणि युक्रेन, बेलारूसमध्ये? तिथे कितीतरी मुलं दूषित दूध पीत राहिली. १ मे रोजी कीव्हमध्ये नेहमीसारखी मिरवणूकही निघाली. पुढे त्या भागात, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये, थायरॉईडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण सापडले. किरणोत्सारी धूळ दोन्हीकडे पोहोचली होती. फरक पडला तो आकडा कुणाच्या हाती आला आणि त्याने त्याचं काय केलं, यामुळेही.

आज हवेतले असे कण टिपणारं जगभर जाळं आहे. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणी बंदी करारात त्यासाठी ८० केंद्रं ठरली. २०११ मध्ये फुकुशिमाचे कण या जाळ्याने टिपले. पण ही माहिती मुख्यतः सही करणाऱ्या देशांच्या सरकारांकडे जाते. भारताने तर सहीच केलेली नाही. ती करावी की नाही, हा वाद वेगळा. माझं म्हणणं एवढंच, की हे आकडे पावसाच्या अंदाजासारखे रोज सगळ्यांसमोर यावेत.

लोक घाबरतील, असं म्हणतात. घाबरतील, मान्य आहे. पण घाबरलेली आई निदान दुधाचा पेला बाजूला तरी ठेवेल. काहीच न कळलेली आई तो मुलाच्या तोंडाला लावते, आणि वर म्हणते, "संपव हं सगळं."