गाव म्हणजे विश्रामधाम नव्हे

निवृत्तीनंतर मुंबई-वसई सोडून सातारा-सांगलीकडे बिऱ्हाड हलवणारे आमचे बांधव प्रथम विचारतात, 'तिथे आपली माणसे किती?' हा प्रश्नच आम्हांस खटकतो. कॅनडाच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, ते कोणत्या 'आपल्या माणसां'साठी? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. २०१९च्या महापुरात कृष्णा सांगलीत शिरली. अशा वेळी प्रथम धावून येतो तो शेजारी. स्वस्त घर, मोकळी हवा घ्यावी आणि गावाशी संबंध ठेवू नये, हा सौदा झाला, वास्तव्य नव्हे. रविवारी मिस्सेला अवश्य जावे, पण सोमवारी शेजाऱ्याचे दारही ठोठवावे. प्रभूच्या दाखल्यातला शेजारी शोमरोनी होता, आपल्यातला नव्हता.